तीन सारखी मापे

"आता तीनच दिवस राहिले, काका," असे थेरपिस्ट म्हणाली तेव्हा तपासनिसाच्या डाव्या कानामागून मिठाच्या पाण्याचा एक थेंब मानेकडे उतरत होता, आणि तिने बोलता बोलता तो आपल्या अंगठ्याने वाटेतच पुसून टाकला. तपासनीस दचकला. डाव्या हाताने त्याने खुर्चीची कड इतक्या जोराने धरली की तिने स्पंज उचलून आधी त्याखालची कातडी पाहिली आणि मग यंत्राचा दिवा पाहिला.

"चटका बसला का? मी तर अजून सुरूही केलेलं नाही."

"नाही, नाही. पाणी गार लागलं."

पाणी गार नव्हते. ती रोज ते कोमट करून आणत असे आणि त्याला ते ठाऊक होते. छत्तीस वर्षे विजेची मीटरे तपासण्यात घालवलेल्या माणसाने एक चुकीचे माप सांगितले होते, आणि सांगताना त्याची जीभ जराही अडखळली नव्हती, याचेच त्याला नवल वाटले. दारापाशी काठीवर हनुवटी टेकून आपल्या पाळीची वाट पाहणारा ड्रायव्हर हसला. पक्षाघाताच्या ज्या आजाराने तपासनिसाचा उजवा हात गेला होता, त्याच आजाराने ड्रायव्हरचा डावा पाय गेला होता. तोंड मात्र शाबूत राहिले होते. "बाई, साहेबांना जरा बेतानं चार्ज करा," तो म्हणाला. "जुनं वायरिंग आहे, फ्यूज उडायचा." "तुम्ही गप्प बसा हो," थेरपिस्ट म्हणाली, "तुमची बॅटरी तोंडातच संपते, पायापर्यंत पोचतच नाही." ड्रायव्हरला हे इतके आवडले की त्याने काठी दोनदा फरशीवर आपटली. तपासनीसही हसल्यासारखा झाला, पण त्याचे सगळे लक्ष कानामागच्या त्या बोटभर जागेत गोळा झाले होते. थेंब पुसला गेला होता. अंगठा कधीच दूर झाला होता. जागा मात्र अजून तिथेच होती, आणि ती आपल्याला आहे हे त्याला किती वर्षांनी कळत होते याचा हिशेब करायला मन धजत नव्हते.

रोजचा क्रम ठरलेला होता. तो साडेदहाला येई, डोक्याला तेल न लावता, कारण तशी सूचना होती. थेरपिस्ट कापडी टेपने त्याचे डोके मापी: नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना छेदत तिथून डावीकडे ठरावीक अंतर मोजून ती पेन्सिलीने खूण करी. कंगव्याने केसांची वाट पाडून तिथे ओला स्पंज बसवी, दुसरा स्पंज उजव्या भुवईच्या वर, आणि दोन्हींवरून रबरी पट्टा. मग वीस मिनिटे तो खुर्चीत बसून लाकडी ठोकळे उचलायचा, बाटलीचे झाकण फिरवायचा, कपड्यांचे चिमटे दाबायचा आणि पट्ट्याखालून एक अगदी बारीक प्रवाह, टॉर्चच्या बल्बला मिणमिणायलाही पुरणार नाही इतका, त्याच्या कवटीतून आत जायचा. मेंदूचा जो भाग हात हलवणे विसरला आहे त्याला तो प्रवाह जागता ठेवतो, शिकवण्याचे काम मात्र ठोकळे आणि चिमटेच करतात, असे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी समजावले होते. दुसऱ्याच दिवशी त्याने थेरपिस्टला विचारले होते, "डोकं काही कालच्यापेक्षा वाढलेलं नाही. रोज कशाला मापता?" तिने टेप गुंडाळता गुंडाळता उत्तर दिले होते, "डोकं तेच असतं, काका. टेप रोज वेगळी पडते." हे वाक्य त्याने घरी जाऊन वहीत लिहून ठेवले. नोकरीतल्या इतक्या वर्षांत हाताखालच्या कोणाच्याही तोंडून ते ऐकायला मिळावे म्हणून तो झटला होता आणि ते मिळाले नव्हते.

प्रवाह खरा असतो की नाही हे मात्र त्याला ठाऊक नव्हते, आणि थेरपिस्टलाही नव्हते. हा उपचार अजून अभ्यासाच्या अवस्थेत होता. एकशे वीस रुग्ण होते. निम्म्यांना पूर्ण वीस मिनिटे प्रवाह मिळत होता आणि निम्म्यांना फक्त पहिले अर्धे मिनिट, पुढे नुसता दिवा. कोण कुठल्या गटात, हे यंत्रात टाकलेल्या आकड्याखेरीज कोणी जाणत नव्हते. पहिल्या आठवड्यात त्याने स्वतःच्या डोक्यालाच मीटर करून पाहिले. स्पंजाखाली खाज सुटे, मुंग्या येत, साधारण चाळीस मोजेपर्यंत त्या टिकत आणि मग विरत. म्हणजे प्रवाह बंद झाला म्हणावे, तर खऱ्या प्रवाहातही कातडीला सवय होऊन मुंग्या थांबतात असे माहितीपत्रकात लिहिलेले. ज्या यंत्राची स्वतःची तपासणी झालेली नाही त्याने दुसऱ्याची तपासणी करू नये, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा होता, तेव्हा त्याने तो नाद सोडला. पण सोडताना एक गोष्ट लक्षात आली आणि ती त्याला मुळीच आवडली नाही: प्रवाह खरा आहे की खोटा, याने आपल्याला काही फरक पडत नाही. वीस मिनिटांच्या आधीची सात-आठ मिनिटे तेवढी खरी होती. टेप, पेन्सिल, कंगवा, स्पंज, आणि त्या सगळ्यांच्या मागे असलेली बोटे.

बायकोला जाऊन सहा वर्षे झाली होती. त्या सहा वर्षांत आपल्याला कोणी हात लावलाच नाही असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर नव्हते, आणि त्याने ते मनातल्या मनात तपासून पाहिले. न्हावी महिन्यातून एकदा लावी. पण न्हावी डोके असे फिरवी जसे तो स्वतः टेबलावरचे मीटर फिरवत असे, समोरची पाटी दिसेपर्यंत. दातांच्या डॉक्टरांनी रबरी हातमोजा घालून लावला होता. मुलगी दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा जाताना खांद्याला धरून तिने त्याला जवळ घेतले होते, तिच्या खांद्यावरच्या पर्सचे बक्कल त्याच्या छातीत रुतले होते, आणि तो म्हणाला होता, "चल, गाडी चुकेल." बायको तरी कुठे फार जवळ येई? ती स्वयंपाकघरातून जाता जाता त्याच्या पाठीवर तळवा टेकवी, जणू दार बंद आहे ना हे पाहून पुढे जावे. "काय गं?" तो विचारी. "काही नाही," ती म्हणे. त्या 'काही नाही'चे माप घ्यावे असे त्याला तेव्हा कधी वाटले नाही.

आजारपणाने एक मात्र झाले होते. आधी रविवारी येणारा मुलीचा फोन आता रोज येत होता. सकाळी कप हातातून सुटला, फुटला, आणि तुकडे उचलायला वाकलेला तो उठूच शकला नाही, त्या दिवसापासून. संध्याकाळी सात वाजता फोन वाजे. "बाबा, आज किती सेकंद?" ती विचारी. कारण रोजच्या सत्राच्या शेवटी एक चाचणी असे: नऊ भोकांची एक पाटी, शेजारी वाटीत नऊ खुंट्या. एका हाताने एकेक खुंटी भोकात बसवायची, नऊ झाल्या की एकेक काढून परत वाटीत टाकायची. थेरपिस्ट घड्याळ लावी. पहिल्या दिवशी त्याला दोन मिनिटे दहा सेकंद लागले आणि चार खुंट्या जमिनीवर गेल्या. पुढे शंभर, ऐंशी, बासष्ट, असे आकडे उतरत आले. शुक्रवारी शेहेचाळीस, काल एक्केचाळीस, आज त्रेचाळीस. "वा! मग आता माझी काळजी मिटली म्हणायची," मुलगी म्हणाली. तिच्या मागे कोणीतरी तिला हाक मारत होते. "बरे झालात की आपण पुन्हा रविवारचं ठेवू. निवांत बोलता येतं."

संमतिपत्र अकरा पानांचे होते. ते शेवटपर्यंत वाचणारा रुग्ण आपण पहिलाच पाहिला, असे डॉक्टर गमतीने म्हणाले होते. नवव्या पानावर लिहिले होते की चौथ्या आठवड्याच्या अखेरीस तीन वेळा चाचणी घेतली जाईल, आणि ज्यांची सरासरी पंचेचाळीस सेकंदांच्या वर राहील त्यांना आणखी चार आठवडे, गट कोणताही असो, खरा प्रवाह देण्यात येईल. बाकीच्यांचा उपचार पूर्ण झाला असे समजावे. त्याच संध्याकाळी, मंगळवारी, त्याला ते नववे पान आठवले. त्याने ते काढून पाहिले नाही. काढून पाहिले असते तर तो बेत झाला असता. नुसते आठवले, म्हणजे ते आठवणीत गणले जाईल. बुधवारी आणि गुरुवारी त्याने घरी स्क्रू आणि पत्र्याच्या डब्याचे झाकण घेऊन सराव केला. झाकणाला त्याने नऊ भोके पाडून घेतली होती, मूळ पाटीच्या मापाची. तिथे हात एकोणचाळीसला येत होता. त्याला आनंद झाला. आणि लगेच त्याने स्क्रू आणि झाकण खणात टाकून खण लावून घेतला.

शुक्रवारी थेरपिस्टने नेहमीसारखी वाट पाडली, स्पंज बसवले, आणि सत्र संपल्यावर पट्टा सोडून टॉवेलने त्याचे केस टिपले. टिपताना ती म्हणाली, "आज पास व्हायचं हं, काका. माझी इज्जत तुमच्या हातात आहे." पाटी समोर आली. घड्याळ तिच्या हातात होते, पण त्याला घड्याळाची गरज नव्हती. जुन्या मीटरांतली तबकडी किती फेरे घेते हे मोजत एका हातात सेकंदमापक धरून त्याची उमेदीची वर्षे गेली होती. एक सेकंद म्हणजे किती हे त्याच्या अंगात भिनलेले होते. पहिली खुंटी उचलली आणि तो मोजू लागला. बोटे पुढे धावू पाहत होती. त्याने त्यांना मागे ओढले, जसे रस्ता ओलांडताना लहान पोराला ओढतात. चार आठवडे ज्या बोटांना विनवण्या करून हलवले त्यांना आता थांबवायला बळ लागत होते, आणि हे बळ कुठून येते आहे हे त्याला कळत नव्हते. तिन्ही वेळा झाले. थेरपिस्टने आकडे लिहिले: बावन्न पूर्णांक दोन, बावन्न, बावन्न पूर्णांक एक. मग तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"होतं असं कधी कधी. परीक्षेच्या दिवशी हात घाबरतो. वाईट वाटून घेऊ नका, आपण अजून चार आठवडे करू. सोमवारी नेहमीच्या वेळेला या."

"साहेब, नापास झालात तर बरंच आहे," ड्रायव्हर दारातून म्हणाला. "मला तरी कंपनी. एकट्यानं चार्जिंगला लागायचं म्हणजे गॅरेजमध्ये पडल्यासारखं वाटतं."

तो घरी आला तेव्हा खांद्यावरचा हात अजून खांद्यावर होता. सातला फोन आला. बावन्न, असे त्याने सांगितले. "बावन्न? एक्केचाळीसवरून बावन्न? बाबा, परत काही झटका वगैरे नाही ना आलेला? बोलताना जीभ जड वाटते का? मला सगळे वार म्हणून दाखवा बघू." त्याने सोमवारपासून सगळे वार म्हणून दाखवले. "मी रजा टाकते," ती म्हणाली. "पुढच्या महिन्याची होती ती आत्ताच घेते. पंधरा दिवस येऊन राहते. तुम्ही काही बोलू नका." फोन ठेवल्यावर त्याने तिच्या खोलीतला पलंग ओढून भिंतीपासून दूर केला, मागची धूळ पुसली, चादर बदलली. उजव्या हाताने चादरीची टोके गादीखाली खोचताना तो हात सुरेख चालत होता. पाहायला कोणी नव्हते, म्हणून तो सुरेख चालत होता.

शनिवारी दुपारी त्याने सवयीप्रमाणे वही उघडून आठवड्याची मापे उतरवायला घेतली. एकाखाली एक आकडे आले. एक्केचाळीस तीन. त्रेचाळीस सहा. शेहेचाळीस दोन. एक्केचाळीस आठ. आणि मग बावन्न दोन, बावन्न शून्य, बावन्न एक. पेन थांबले. कोणी तरी मागून येऊन उभे राहावे आणि आपल्या खांद्यावरून वहीत डोकवावे तसे त्याला वाटले. ते आकडे त्याने पूर्वी पाहिले होते. हेच नव्हेत, पण यांचीच जात. त्याच्या शेजारच्या टेबलावर एक सहकारी बसत असे. त्याची रजिस्टरे इतकी स्वच्छ की सगळे त्याला शंभरनंबरी म्हणत. एकदा वार्षिक पडताळणीत तपासनिसाने त्याची चाळीस मीटरांची नोंद चाळली. प्रत्येकाची तीन मापे, आणि तिन्ही शेवटच्या आकड्यापर्यंत सारखी. खरे यंत्र श्वास घेते, थोडे हलते. जे तसूभरही हलत नाही ते माप टेबलावर घेतलेले नसते, घरी बसून लिहिलेले असते. त्याने तसा लेखी अहवाल दिला. अहवाल चार ओळींचा होता आणि चारही ओळी बरोबर होत्या. शंभरनंबरीची बढती थांबली. त्यानंतर अकरा वर्षे दोघे एकमेकांच्या शेजारी बसले, आणि त्या अकरा वर्षांत त्यांच्यात जे बोलणे झाले ते बहुतेक खिडकीविषयी होते. "लावू का?" "लावा." आपल्या निवृत्तीच्या दिवशी शंभरनंबरीने आपल्याला पेढ्यांचा नव्हे, पण नमस्काराचा तरी मान द्यावा अशी तपासनिसाची अपेक्षा होती; शंभरनंबरीने खिडकी लावली आणि तो निघून गेला.

आपण पकडले जाऊ अशी भीती त्याला वाटली नाही. थेरपिस्टला संशय आला नव्हता आणि येणार नव्हता. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता, जसा तो टेपवर ठेवी. भीती वेगळीच होती. एकशे वीस माणसांच्या सरासरीत त्याचा एक हात खोटा मिसळणार होता. उद्या कुठल्या तरी अनोळखी खोलीत एखादा डॉक्टर एखाद्या अनोळखी माणसाला सांगणार होता की एवढ्याने गुण येतो किंवा येत नाही, आणि त्या सांगण्यात या बावन्नाचा काही अंश असणार होता. आणि तरीही, हे सगळे स्वच्छ दिसत असताना, त्याचे मन सोमवारच्या साडेदहाकडेच ओढ घेत होते. कंगव्याच्या दातांकडे. वीस सत्रे. आणखी वीस. त्यानंतर काय, हे नवव्या पानावर लिहिलेले नव्हते.

रविवारी सकाळी त्याने स्वतःहून मुलीला फोन लावला. असे तो कधी करत नसे, म्हणून ती पहिल्यांदा घाबरलीच.

"येऊ नकोस. रजा मोडू नकोस. हात बरा आहे."

"पण बावन्न..."

"ते माप चुकलं. एकोणचाळीस आहे. मी घरी पाहिलंय, दहा वेळा."

"नक्की ना?"

"नक्की."

तिने सोडलेला श्वास त्याला अगदी नीट ऐकू आला. तो सुटकेचा होता, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. "कसला घोर लावलात, बाबा," ती हसून म्हणाली, मग तिकडच्या थंडीचे बोलली, नव्या शेजाऱ्यांचे बोलली, आणि ठेवते म्हणाली. त्याने पलंग पुन्हा भिंतीला लावला.

सोमवारी थेरपिस्ट टेप आणि कंगवा घेऊन आली तेव्हा तो खुर्चीत न बसता टेबलापाशी उभा होता.

"आधी पाटी काढा," तो म्हणाला.

"चाचणी शेवटी असते, काका."

"आज आधी. तीन वेळा. घड्याळ लावा."

त्याच्या आवाजात काहीतरी होते म्हणून तिने वाद घातला नाही. बोटे मोकळी सुटली. एक खुंटी निसटली, ती त्याने पुन्हा उचलली. एकोणचाळीस पूर्णांक चार. चव्वेचाळीस पूर्णांक सात. चाळीस पूर्णांक नऊ. ती घड्याळाकडे पाहत राहिली आणि मग तिचा चेहरा फुलला. "काका! मग शुक्रवारी काय झालं होतं?"

"शुक्रवारी मी हात धरून ठेवला होता."

"म्हणजे?"

"तुमच्या कागदावर पाहा. तिन्ही जवळपास सारखी आहेत. असं खऱ्या हाताचं होत नाही."

तिने कागद काढला. पाहता पाहता चेहऱ्यावरचे फुलणे ओसरले. "माझ्या लक्षातच आलं नाही," ती म्हणाली, आणि मग जरा चढ्या आवाजात, "तुम्हाला कळतंय का, हे तसंच पुढे गेलं असतं. दोन वर्षांचं काम आहे हे. तुमच्यासारख्या माणसानं असं करावं?"

"कळतंय. म्हणून तर आलो."

ती बाहेर जाऊन डॉक्टरांशी फोनवर बोलली. काचेतून तिचे ओठ हलताना दिसत होते. परत आली ती एक छापील कागद घेऊन. शुक्रवारची मापे रद्द, आजची धरायची, असे डॉक्टरांनी सांगितले होते. सरासरी पंचेचाळीसच्या आत. "म्हणजे तुमचा उपचार पूर्ण झाला," ती म्हणाली. कंगवा टेबलावरच होता. तिने तो उचलून खणात ठेवला आणि लिहायला बसली. तारीख, रुग्णाचा क्रमांक, रद्द मापांचा क्रमांक. मग पेन थांबले.

"इथे कारण लागतं. पर्याय दिलेत: थकवा, सूचना न समजणं, साधनातला बिघाड, इतर. काय लिहू?" तिने वर पाहिले, आणि आता तिच्या आवाजात राग उरला नव्हता. "का केलंत असं, काका?"

थकवा म्हटले असते तर ते चालले असते, आणि कोणाचे काही बिघडलेही नसते. चौकटीत बसणारे, सभ्य, तीन अक्षरी काहीतरी. दारात ड्रायव्हर येऊन काठीवर हनुवटी टेकून बसला होता.

"यातलं एकही नाही," तपासनीस म्हणाला.

"मग 'इतर'." तिने खूण केली, कागद त्याच्याकडे फिरवला आणि पेन पुढे केले. "समोर रेघ आहे. तुम्हीच लिहा."

त्याने पेन उजव्या हातात घेतले. पहिले अक्षर रेघेच्या खाली घसरले, दुसरे वर गेले. आडवी रेघ मारायला त्याला दोनदा हात उचलावा लागला. त्याने लिहिले: घरी कोणी नाही. मग थोडे थांबून शेवटी टिंब दिले.

तिने कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि वाचला. तीन शब्दांना लागायला हवा त्याहून बराच जास्त वेळ तिने ते वाचले. कागदाच्या तळाशी साक्षीदाराची जागा होती. तिने घड्याळात पाहून वेळ घातली, दहा चाळीस, आणि खाली सही केली.